बोर्डाच्या कागदातली ती ओळ

पोरा, आधी ते पाकीट शोध. रेकॉर्ड ऑफिसचं नकाराचं पत्र ज्या पाकिटातून आलं, ते. पोस्टाच्या शिक्क्यासकट पत्राला टाचून ठेव. पत्रावरची तारीख त्यांच्या टेबलावरची असते. तुझ्या हातात कागद कधी पडला, ते पाकीटच सांगतं. पहिल्या अपिलाला सहा महिन्यांची मुदत असते, ती हा कागद मिळाल्यापासून मोजायची. कॅलेंडरवर खूण कर आणि सूनबाईंनाही दाखव, कारण डोकं दुखायला लागलं की तू चार-चार दिवस कागदाला हात लावत नाहीस, हे मला ठाऊक आहे.

आता राग. राग येणारच. सतरा-अठरा वर्षं तोफखान्यात काढलीस, बर्फात उभा राहिलास, आणि शेवटी एका ओळीत लिहून आलं की हा रक्तदाबाचा आजार नोकरीमुळे झालेला नाही आणि नोकरीने वाढलेलाही नाही, सबब डिसेबिलिटी पेन्शन नामंजूर. ही ओळ मी शेकडो फायलींत पाहिली आहे. पलटणीत क्लार्क होतो, पुढे रेकॉर्ड ऑफिसात बसलो, आयुष्य कागदातच गेलं. म्हणून सांगतो, या पत्राशी भांडू नकोस. पत्र लिहिणाऱ्याने स्वतः काहीच ठरवलेलं नाही. ठरवलं ते मेडिकल बोर्डाने, तू घरी येण्याआधी. तुझी केस त्या बोर्डाच्या कागदात आहे, आणि तो कागद पुरा तू अजून वाचलेला नाहीस.

तो मागव. तुझं रेकॉर्ड ऑफिस नाशिक रोडला. मराठा लाइट इन्फंट्रीच्या पोरांना बेळगावला लिहावं लागतं, बॉम्बे सॅपर्सवाल्यांना खडकीला. साधा अर्ज दिला की बऱ्याचदा नुसता सारांश हातात पडतो, म्हणून माहितीच्या अधिकारात अर्ज कर. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लागते आणि तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पण ‘माझी सगळी कागदपत्रं द्या’ असं लिहू नकोस. एकेक नाव घेऊन माग. रिलीज मेडिकल बोर्डाची पूर्ण कार्यवाही, सर्व पानं, मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्याच्या शेऱ्यासकट. भरतीच्या वेळची वैद्यकीय तपासणी. मेडिकल कॅटेगरी पहिल्यांदा खाली आली तेव्हाचा बोर्ड आणि त्यानंतरचे सगळे. पोस्टिंगची यादी, तारखांसकट. इजेची केस असेल तर इंज्युरी रिपोर्ट आणि कोर्ट ऑफ इन्क्वायरी. आणि नकार ज्या टिपणीवर दिला ती टिपणी. अशी नावं घेतलीस की समोरच्याला कळतं, मागणाऱ्याला फाइल माहीत आहे.

कागद आले की पहिल्या पानापासून वाचू नकोस. पहिल्या पानांवर तुझंच म्हणणं असतं, कुठे कुठे नोकरी केली, आजार कधी सुरू झाला, कुठे दाखल झालास. ते नंतर ताडून पाहायचंच आहे. आधी बोर्डाचं मत शोध. तिथे आजाराच्या नावासमोर दोन निरनिराळे प्रश्न असतात. एक, हा आजार नोकरीमुळे झाला का? दुसरा, नोकरीने तो वाढला का? आणि शेजारी कारण लिहायची जागा असते.

दोन प्रश्न आहेत, हे डोक्यात पक्कं बसव. बहुतेक जण पहिल्यावरच भांडत राहतात. डॉक्टर म्हणतो, रक्तदाब घराण्यात असतो, मधुमेह जात्याच असतो, आणि आपला जवान तिथेच गप्प होतो. अरे, असेना का घराण्यात! नोकरीने तो वाढला का, याचं उत्तर वेगळं द्यावं लागतं, आणि दोन्हींपैकी एकाचं उत्तर ‘हो’ आलं तरी पेन्शनचा हक्क उभा राहतो. पहिल्यांदा गोळी सुरू झाली तेव्हा एक होती, तीन वर्षं उंचावरच्या पोस्टिंगमध्ये काढून आलास तेव्हा तीन झाल्या, हे तुझ्याच हॉस्पिटलच्या कागदात असेल, तर ते बोर्डाने का पाहिलं नाही, हा तुझा मुद्दा. त्याला तारीख लाव, पान नंबर लाव.

मग कारणाच्या जागेत काय लिहिलंय ते बघ. सातातल्या पाच फायलींत तिथे एक छापील वाक्य असतं. आजार शांतता क्षेत्रात सुरू झाला, फील्डशी किंवा उंचावरच्या ड्युटीशी त्याचा निकटचा संबंध नाही. कधी कधी तेवढंही नसतं, ‘आजार मूळ प्रकृतीचा’ एवढंच. हे वाचून लोक खचतात. मी म्हणतो, असं वाक्य दिसलं तर उमेद धर. कारण ते मत आहे, त्यामागचं कारण नाही. कोर्टात नेमकं याच जागी बोट ठेवायचं.

हे मी मनाचं सांगत नाही. धरमवीर सिंग नावाचा सिग्नल्सचा एक जवान होता. १९८५ साली भरती झाला, नऊएक वर्षांनी फेफऱ्याच्या आजारामुळे त्याला घरी पाठवलं, वीस टक्के अपंगत्व लिहून. पेन्शन नाकारली, हे फेफरं नोकरीशी संबंधित नाही म्हणून. हिमाचलच्या हायकोर्टात एका न्यायाधीशांसमोर तो जिंकला, मोठ्या बेंचसमोर हरला, आणि जुलै २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टात पुन्हा जिंकला. कोर्टाने १९८२ च्या एन्टायटलमेंट रूल्समधले नियम ५, ९ आणि १४ उलगडून सांगितले. भरतीच्या वेळी कागदावर कसलाही आजार नोंदलेला नसेल, तर माणूस तेव्हा धडधाकट होता असं धरायचं. पुढे तब्येत बिघडली तर ती नोकरीमुळे बिघडली असं धरायचं. तसं नाही म्हणायचं असेल तर ते सिद्ध करायची जबाबदारी सरकारची, जवानाची नाही. शंका उरली तर तिचा फायदा जवानाला. आणि भरतीच्या तपासणीत हा आजार दिसून का आला नसता, याचं कारण बोर्डाने लिहिलं पाहिजे.

विचार कर, यात केवढी गोष्ट आहे. सोळाशे मीटर पळवून, छाती मोजून, डोळे-कान-दात तपासून त्यांनीच तुला घेतलं. तुझा तेव्हाचा कागद कोरा आहे. तुला डॉक्टरी पुस्तकं उघडून रक्तदाब कशाने होतो ते सिद्ध करत बसायचं नाही. तुला दोन कागद शेजारी ठेवायचे आहेत, भरतीचा कोरा आणि रिलीजचा भरलेला, आणि विचारायचं आहे की या दोहोंमधल्या वर्षांत मी कोणाच्या ताब्यात होतो.

पण इथे एक खाच आहे, ती वकिलालाही आठवण करून दे. १९८२ चे नियम १ जानेवारी २००८ च्या आधीच्या लोकांना. त्यानंतर सुटलेल्यांना २००८ चे नियम, आणि २१ सप्टेंबर २०२३ पासून आणखी नवे आले. सुटण्याची तारीख बघून ठरतं. २००८ च्या नियमांत पुराव्याच्या जबाबदारीची भाषा बदलली आहे, आणि सरकारी वकील हमखास म्हणतो की धरमवीर सिंगचा निकाल यांना लागू नाही. त्याला उत्तर आहे. कारण न देता दिलेलं मत टिकत नाही, बोर्डाने कारण लिहिलंच पाहिजे, असं कोर्टांनी त्यानंतरच्या केसेसमध्येही म्हटलंय. नुसतं शांतता क्षेत्रात आजार झाला म्हणून हक्क जात नाही, हेही म्हटलंय. म्हणून तुझा अर्ज जुन्या नियमाच्या एकाच खांबावर उभा करू नकोस. बोर्डाने काय लिहिलं नाही, यावर उभा कर.

हृदयविकाराची केस घेऊन कोणी आलं, तर त्याला झटका येण्याआधीच्या चौदा दिवसांत त्याला काय काय ड्युटी होती, ते मिळवायला सांग. लष्कराच्या डॉक्टरांसाठी असलेल्या मार्गदर्शिकेतच ते चौदा दिवस पाहायला सांगितलेत. गार्ड ड्युटी, परेड, फायरिंग कॅम्प, रात्रीचा प्रवास, सगळं. युनिटच्या कागदांत ते सापडतं, पण लवकर मागावं लागतं.

आता जिथे केस कमजोर असते तेही ऐक, म्हणजे उगाच कोणाला आशेला लावणार नाहीस. सुट्टीवर घरी आलेला जवान, शेतात ट्रॅक्टरवरून पडला, पाय गेला. दुःख खरंच मोठं आहे, पण ड्युटीशी संबंध नसलेल्या अशा इजेत सुप्रीम कोर्टाने पेन्शन नाकारलेली आहे. पण प्रवासाची गोष्ट निराळी. मदनसिंग शेखावतच्या १९९९ च्या निकालात किरकोळ रजेवर स्वतःच्या खर्चाने घरी जाणारा जवान रेल्वेतून उतरताना जखमी झाला होता, आणि कोर्टाने त्याला ड्युटीवर धरलं. म्हणून इजा कुठे आणि कशी झाली ते नेमकं आणि खरं लिहावं. रस्त्यावरचा अपघात असेल तर रजेचा कागद, तिकीट, पोलीस ठाण्याची नोंद जपावी. खोटं एक वाक्य घातलंत की बाकीची दहा खरी वाक्यंही संशयात येतात.

दुसरी कमजोर जागा टक्क्यांची. मुदत संपवून सुटलेल्या माणसाचं अपंगत्व वीस टक्क्यांच्या खाली लिहिलं असेल तर मिळणं अवघड. पण आजारामुळेच बाहेर काढलं असेल, म्हणजे बोर्डआउट केलं असेल, तर २०१४ च्या सुखविंदर सिंग निकालाने ते वीस टक्क्यांहून जास्त आहे असंच धरायचं. तेव्हा डिस्चार्ज बुकात सुटण्याचं कारण काय लिहिलंय, ते आधी वाच. आणि दोन आजार असतील, समजा एकाला तीस आणि दुसऱ्याला वीस टक्के, तर एकत्रित आकडा पन्नास येईलच असं नाही. नुसती बेरीज नसते ती. त्यावर वाद घालू नकोस.

अपील लिहायला बस तेव्हा दोन पानांत संपव. पहिलं अपील पहिल्या अपिलांच्या समितीकडे जातं, दुसरं त्याच्या वरच्या समितीकडे. तिथे कोणी तुला समोर बोलावून विचारत नाही, फाइल वाचून निर्णय होतो, आणि पुष्कळदा पहिलंच वाक्य पुन्हा लिहून येतं. तरी ती पायरी टाळू नकोस. कोर्टात गेल्यावर पहिलं विचारतात, आधीचे मार्ग संपवलेस का? शिवाय आज अपिलात जे लिहिशील ते उद्या न्यायाधीशांसमोर जाणार आहे. म्हणून शिव्याशाप नकोत, मोठ्या साहेबांची नावं नकोत, देशसेवेवर भाषण नको. तारीख, पोस्टिंग, आजाराची पहिली नोंद, बोर्डाचं वाक्य, आणि त्यात कारण कुठे नाही, एवढंच. स्पीड पोस्टाने पाठव, पावती पाकिटाशेजारी टाच.

सहा महिने उलटले आणि उत्तर आलंच नाही, तर वाट पाहत बसायचं नाही. सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या २००७ च्या कायद्यात सोय आहे. सहा महिन्यांत निर्णय न आल्यास मार्ग संपला असं धरून पुढच्या सहा महिन्यांत अर्ज करता येतो. अंतिम नकार आला असेल तर त्या तारखेपासून सहा महिने. आपल्यासाठी बेंच मुंबईला. उशीर झाला असेल तरी दार बंद होत नाही. पेन्शन दर महिन्याला द्यायची असते, त्यामुळे ती न देण्याची चूक दर महिन्याला नव्याने घडत असते, असं सुप्रीम कोर्टाने तरसेम सिंगच्या २००८ च्या निकालात मानलंय. पण त्याच निकालाने थकबाकी अर्ज करण्याच्या आधीच्या तीन वर्षांपुरतीच बांधून टाकली. म्हणजे उशीर केलास तर हक्क राहतो, पैसे जातात. आपल्या भागातली किती तरी म्हातारी माणसं वीस-वीस वर्षांनी आली आणि तीनच वर्षांचे पैसे घेऊन गेली. त्यांना कोणी वेळेवर सांगितलं नव्हतं. मला त्याचं फार वाईट वाटतं.

मुंबईच्या त्या खोलीत साधारणपणे दोन सदस्य बसतात. एक हायकोर्टात न्यायाधीश राहिलेला आणि दुसरा लष्कराचा निवृत्त वरिष्ठ अधिकारी. त्या दुसऱ्याला ग्लेशियर काय असतं, सांगावं लागत नाही. खोटं रंगवून सांगितलं तर मात्र त्याला लगेच कळतं. गेलास तर नीट कपडे घाल, पदकं लावायची गरज नाही, आणि विचारलं तेवढंच बोल. बहुतेक तारखांना तुझ्या येण्याची गरजही नसते. वकिलाला विचारून घे, म्हणजे साताऱ्याहून रात्रीची एसटी धरून उगाच हाल होणार नाहीत.

वकिलाचं सांगतो, हे नीट ऐक. ‘जिंकलो तर थकबाकीतला अमुक टक्का माझा’ असं म्हणणारा कोणी भेटेल. त्याच्याकडे जाऊ नकोस. निकालाच्या रकमेत वाटा ठरवणं वकिलांना त्यांच्याच बार कौन्सिलच्या नियमांनी मना आहे. फी आकड्यात ठरव, लिहून घे, पावती माग. मूळ कागद कोणालाही देऊ नकोस, झेरॉक्सच दे. कोऱ्या कागदावर सही करू नकोस. आणि फीची ऐपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. अपंग व्यक्तीला आणि कोणत्याही स्त्रीला मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या कायद्याच्या कलम १२ मध्येच दिलाय. २०२५ पासून सैनिक कुटुंबांसाठी वेगळी योजनाही निघाली आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी कर. तिथे जायला संकोच वाटतो काही जणांना, जणू भीक मागायला चाललोय. ते ऑफिस आपल्यासाठीच आहे.

पैसे किती, हे तू विचारलं नाहीस, पण सूनबाईंच्या मनात आहे, आणि ते बरोबरच आहे. शंभर टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या तीस टक्के, हा हिशेब. समजा पगार चाळीस हजार धरला, तर शंभर टक्क्यांचे १२,००० रुपये. तुझे तीस टक्के, म्हणजे ३,६००. पण इथे थांबायचं नाही. १९९६ पासून टक्के वरच्या पायरीवर नेण्याची, म्हणजे राउंडिंग ऑफची, सोय आहे, पन्नासच्या खालच्यांना पन्नास, त्यावर पंचाहत्तरपर्यंत पंचाहत्तर, आणि त्यापुढे शंभर. तीसचे पन्नास झाले की ३,६०० चे ६,००० होतात, वर महागाई भत्ता. सरकार हे फक्त बोर्डआउट झालेल्यांनाच देत होतं. डिसेंबर २०१४ मध्ये राम अवतारच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने मुदत संपवून सुटलेल्यांनाही तो फायदा मान्य केला. तुझ्या अर्जाच्या मागणीत हे स्वतंत्रपणे लिहिलेलं असलं पाहिजे. मागितलं नाही आणि मिळालं नाही, असं होऊन बसतं. वकिलाने मसुदा दाखवला की शेवटच्या पानावरची मागण्यांची यादी तूच वाच. डिसेबिलिटी एलिमेंट, राउंडिंग ऑफ, कोणत्या तारखेपासून, व्याज.

सूनबाई, तुम्हीही ऐका. फाइल तुमच्याकडे ठेवा. याच्यापेक्षा तुमचा हात व्यवस्थित आहे, आणि याची तब्येत कधी कशी असेल सांगता येत नाही. हा रात्री दचकून उठतो, माणसांत बसत नाही, हे तुम्ही मला सांगितलंत. हे सुटण्याआधीपासून असेल आणि कधी लष्करी हॉस्पिटलात दाखवलं असेल, तर तो कागदही शोधा. मनाच्या आजाराची पेन्शन मागायला आपले लोक लाजतात आणि मग रक्तदाबावरच भांडत बसतात. तो आजारही बोर्डात मोडतो, त्याचीही कारणं बोर्डाला लिहावी लागतात. त्यात लपवण्यासारखं काहीही नाही.

निकाल बाजूने लागला तरी पेन्शन दुसऱ्या दिवशी येत नाही. न्यायाधिकरण काही महिन्यांची मुदत घालून देतं, बहुधा पाळली नाही तर व्याज असं लिहून. निकालाची प्रत रेकॉर्ड ऑफिसला तूच पाठव, कोणी पाठवील म्हणून थांबू नकोस. पुढे नवा पीपीओ, म्हणजे पेन्शनचा आदेश, निघतो, तो ‘स्पर्श’ या पेन्शनच्या पोर्टलवर दिसतो. त्यावरचा टक्का आणि तारीख निकालाशी ताडून बघ. मुदत उलटली तर अंमलबजावणीचा अर्ज त्याच न्यायाधिकरणात करायचा. सरकार सुप्रीम कोर्टात जाऊ शकतं, पण त्यासाठी कायद्याचा सार्वजनिक महत्त्वाचा मुद्दा दाखवावा लागतो. आणि निकाल तुझ्या विरुद्ध गेला, तर हायकोर्टात रिट करता येतं. मधल्या काळात हा मार्ग बंद झाल्यासारखा होता, मार्च २०२३ मध्ये परशोत्तम दासच्या निकालाने सुप्रीम कोर्टाने तो मोकळा असल्याचं सांगितलं. तेव्हा मुंबईत हरलास म्हणजे दिल्लीलाच जावं लागेल, असं कोणी म्हणालं तर घाबरू नकोस.

आज एवढंच कर. माहिती अधिकाराचा अर्ज माझ्यासमोर बसून लिही, मी नावं सांगतो. पोस्टल ऑर्डर सकाळी पोस्ट उघडल्यावर मिळेल. जाताना डिस्चार्ज बुकाच्या दोन झेरॉक्स काढ, एक तुझ्याजवळ, एक माझ्याकडे. बोर्डाचे कागद आले की न उघडता घेऊन ये, चष्मा लावून दोघं मिळून वाचू.